कलामहर्षी बाबूराव पेंटर

पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात १९२० साली ‘सैरंध्री’ नावाचा एक नवा चित्रपट लागला. त्या काळी चित्रपट बोलत नसत. पडद्यावरील माणसांचे ओठ हलत, परंतु शब्द ऐकू येत नसत. पडद्याजवळ बसून वादक पेटी-तबला वाजवीत आणि मधूनमधून पडद्यावर उमटणारा मजकूर वाचून प्रेक्षक कथा समजून घेत. ‘सैरंध्री’ची कथा महाभारतातील. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीला कीचक छळतो आणि भीम त्याचा वध करतो, हे आबालवृद्धांना ठाऊक होते. तरीही तो वधाचा प्रसंग पडद्यावर आला, तेव्हा प्रेक्षकांचा थरकाप उडाला. काहींना तर घेरी आली, असे सांगतात. पुढे हे दृश्य अतिभयंकर ठरवून सरकारच्या परीक्षकांनी ते गाळावयास लावले. लोकमान्य टिळकांनी मात्र हा चित्रपट पाहून त्याच्या निर्मात्याचा ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरव केला.

हे निर्माते म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. खोटा कीचक मारून ज्यांनी सारे प्रेक्षागृह हादरविले, त्यांनीच पाच वर्षांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घडणारी एक खरी शोकांतिका पडद्यावर आणली. तिचे काय झाले, ते सांगण्यापूर्वी या माणसाची ओळख करून घेतली पाहिजे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. लाकूड, धातू, माती, रंग, जे हाती येईल त्याला आकार द्यावयाचा, हा त्या घराचा व्यवसाय आणि तोच घरातील मुलांचा खेळ. बाबूराव कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. वडिलांच्या हाताकडे पाहत आणि मोठमोठ्या चित्रकारांच्या चित्रांचे निरीक्षण करीत ते चित्रकला व शिल्पकला शिकले. त्यांना एक जोडीदार लाभला होता. तो म्हणजे त्यांचे वडीलबंधूंसारखे असलेले चुलतभाऊ आनंदराव. आनंदरावांना यंत्रांचे वेड होते, बाबूरावांना रंगांचे. आणि दोघांनाही एकमेकांवाचून चैन पडत नसे.

तो काळ संगीत नाटकांच्या वैभवाचा होता. नाटक मंडळ्यांना राजवाडा, उपवन, अरण्य, नगरातील रस्ता अशी दृश्ये रंगविलेले भव्य पडदे लागत. हे पडदे रंगविण्यात दोघा भावांनी असे नाव मिळविले की, लोक त्यांना मेस्त्री म्हणावयाचे विसरून ‘पेंटर’ म्हणू लागले. धंद्याचे नाव घराचे नाव झाले. सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करावयाचा, दूरचा खांब लहान व जवळचा मोठा काढावयाचा, खिडकीतून येणारा उजेड जमिनीवर कोठे पडेल हे नेमके ओळखावयाचे, ही सारी विद्या त्यांच्या हातात होती. डोळ्यांना जे खोटे वाटेल, ते बाबूरावांना खपत नसे. हा त्यांचा स्वभाव पुढे त्यांच्या कीर्तीला कारण झाला आणि त्यांच्या दुःखालाही.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशित झाला. हलणारी चित्रे पाहून दोघे भाऊ भारावून गेले. आपणही असे चित्र काढावयाचे, असे त्यांनी ठरविले. पण कॅमेरा आणावयाचा कोठून? परदेशी कॅमेऱ्याची किंमत त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी मुंबईच्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र विकत घेतले, त्यावर खेळ करून चार पैसे मिळविले आणि त्याच यंत्राच्या अंतरंगाचा अभ्यास आरंभिला. तोच १९१६ मध्ये आनंदरावांचा अकाली मृत्यू झाला. अर्धवट राहिलेले स्वप्न बाबूरावांच्या एकट्याच्या पदरात पडले.

चित्रपटाचा कॅमेरा तयार करणे हे काम किती अवघड आहे, याची थोडी कल्पना करून पाहा. कॅमेऱ्यातील फीत सारखी धावत राहिली, तर चित्र पुसट उमटते. म्हणून तिला क्षणभर थांबवावे लागते. त्या क्षणात भिंगापुढील झडप उघडून मिटली पाहिजे आणि लगेच फीत एका चित्राइतकीच पुढे सरकली पाहिजे. हे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा, आणि तेही हाताने मूठ फिरवून! फितीच्या कडेच्या छिद्रांत अडकणारा दाता केसभर जरी चुकला, तरी सारे चित्र थरथरते. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी घेतले. सुटे भाग घडवावयाचे, घासावयाचे, बसवावयाचे, चुकले की पुन्हा घडवावयाचे. अशा खटाटोपातून १९१८ मध्ये कॅमेरा चालू लागला. कोल्हापुरातील प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली.

या कंपनीत बाबूराव काय करीत नसत, हे विचारणेच सोपे. पात्रांचे वेष कसे असावेत, कोणी कोठे उभे राहावे, उजेड कोणत्या बाजूने यावा, हे सारे ते आधी कागदावर रेखाटून ठेवीत. ज्या पडद्यांनी त्यांना नाव मिळवून दिले होते, त्या रंगविलेल्या पडद्यांना त्यांनीच चित्रपटातून रजा दिली आणि खरे खांब, खऱ्या भिंती उभारावयास आरंभ केला. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची तेव्हा रूढी होती. ‘सैरंध्री’त बाबूरावांनी स्त्रियांनाच त्या भूमिका दिल्या. १९२३ मधील ‘सिंहगड’ या चित्रपटात रात्रीची दृश्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रित केली. चित्रपटाची जाहिरात म्हणून भिंतीवर लावावयाची मोठमोठी रंगीत चित्रेही ते स्वतः काढीत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाचे असे एक भित्तिचित्र जपून राहिले आहे.

येथवरची वाट यशाची होती. देवांच्या कथा होत्या, शिवकाळातील पराक्रम होते, आणि लोक गर्दी करीत होते. दुसरा कोणी असता, तर त्याच वाटेने चालत राहिला असता.

बाबूरावांची नजर मात्र आता खेड्यातील शेतकऱ्याकडे वळली. हा शेतकरी कोणत्या विळख्यात सापडला होता, ते आज तुम्हांला समजावून सांगावे लागेल. इंग्रजी राज्यात जमिनीचा सारा रोख पैशांत व ठरल्या हप्त्यांनी भरावा लागे. पाऊस पडो वा न पडो, सरकारचा हप्ता चुकत नसे. हाती पैसा नसला की शेतकरी सावकाराच्या पेढीची पायरी चढे. बियाण्यासाठी कर्ज, बैलासाठी कर्ज, मुलीच्या लग्नासाठी कर्ज. सावकार कागद पुढे करी. त्यावर काय लिहिले आहे, हे शेतकऱ्याला वाचता येत नसे. तो अंगठा उठवी. मुद्दलावर व्याज चढे, व्याजावर पुन्हा व्याज चढे. शेवटी कागद न्यायालयात जाई, आणि वाडवडिलांनी कसलेली जमीन लिलावात निघे. सगळेच सावकार खोटे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्याला अक्षरओळख नाही, त्याने खरा कागद कोणता व खोटा कोणता हे ओळखावे तरी कसे?

या जाचाला कंटाळून एकदा शेतकऱ्यांनी बंडही केले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजारासाठी जमलेले शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. कर्जरोखे आणि वह्या यांवर त्यांचा मुख्य राग होता. कागदांची होळी झाली. हे लोण पुणे व नगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. तरी रोग मुळातून गेला नाही. सुप्याच्या होळीला पन्नास वर्षे झाली, तेव्हाही खेड्यांतील बोलणे तेच होते.

प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात गेले. येथील जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून बैलांचे सौदे होताना त्याने लहानपणी पाहिले आहेत. सौदा मिटला, पैसे मोजून झाले, बैलाचा कासरा दुसऱ्याच्या हाती गेला, तरी विकणारा शेतकरी लगेच घरी जात नसे. तो उगाच बैलाच्या मानेवरून हात फिरवीत उभा राही. जोडीतील एकच बैल विकावा लागला असेल, तर त्याच्याकडे पाहवत नसे. ही वेळ त्याच्यावर का आली, असे कोणी त्याला विचारीत नसे. सर्वांना ते ठाऊकच असे. असे चेहरे जेथे रोज दिसतात, तेथे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बाबूरावांचे गेले.

कादंबरीकार नारायण हरी आपटे यांची कथा घेऊन १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट तयार केला. एक तरुण शेतकरी. सावकार खोट्या कागदाच्या बळावर त्याची जमीन गिळंकृत करतो. घर सोडून शेतकरी शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. कथा एवढीच. कोणी देव धावून येत नाही, कोणी वीर तलवार उपसत नाही. शेतकऱ्याची भूमिका ज्याने केली, तो शांताराम नावाचा एक तरुण होता. कंपनीत पडेल ते काम करून तो चित्रपटकला शिकत होता. हेच पुढे भारतभर गाजलेले दिग्दर्शक व्ही. शांताराम.

त्या काळी चित्रण करताना पात्रांवर भरपूर उजेड पाडीत, कारण फीत मंद असे आणि उजेड कमी पडला तर चित्र उमटणारच नाही, अशी भीती असे. बाबूरावांनी या चित्रपटात अंधाराला जागा दिली. एक काळोखी झोपडी, आणि तिच्याजवळ रडणारे कुत्रे. मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू कसे येणार? पण मान वर करून रडणारे ते जनावर पाहिले, की प्रेक्षकाला ते आपल्या कानांनी ऐकल्यासारखे वाटे. चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांना अनेक वर्षांनंतरही त्या दृश्याचा विसर पडला नव्हता. राजवाडे रंगविणाऱ्या कुंचल्याने झोपडीही तेवढ्याच निष्ठेने रंगविली होती.

जाणकारांनी वाखाणणी केली. प्रेक्षक मात्र आले नाहीत.

कीचकाच्या वधाने ज्यांना घेरी आली, त्या लोकांनी शेतकऱ्याच्या नाशाकडे पाठ फिरविली, हे वाचून तुम्हांला राग येईल. परंतु थोडा विचार करावयास हवा. दिवसभर कष्ट करून माणूस करमणुकीसाठी पैसे मोजतो, तेव्हा त्याला आपले दुःख विसरावयाचे असते. कीचक कितीही भयंकर रीतीने मेला, तरी तो दुष्ट होता आणि फार जुन्या काळी मेला. ‘सावकारी पाश’ पाहून बाहेर पडलेल्याला मात्र ती गोष्ट रस्त्यावर पुन्हा भेटत होती. शिवाय, ज्याच्यावर हा चित्रपट बेतला होता, तो शेतकरी शहरातील चित्रपटगृहात येणार कोठून? आला असता, तरी पडद्यावरील मजकूर त्याला वाचून दाखवावा लागला असता. कागद वाचता येत नाही म्हणून बुडालेल्या माणसाची ही कथा, आणि तीही वाचूनच समजणारी! बाबूरावांचा दोष नव्हता. त्या काळच्या साधनांची ती मर्यादा होती.

कंपनीला पुन्हा पुराणांकडे व इतिहासाकडे वळावे लागले. काम होत होते, पण पूर्वीची घडी विस्कटत चालली होती. मनासारखे झाल्याखेरीज बाबूराव पुढे जात नसत, आणि त्यांच्या मनासारखे लवकर होत नसे. तरुण सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे काही करून दाखविण्याची ओढ लागली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे कंपनीतून बाहेर पडले आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन झाली. ज्या दामल्यांबरोबर कॅमेऱ्याचा एकेक दाता घासला होता, तेही गेले. गुरूला याचे दुःख झाले नसेल, असे कोण म्हणेल? आणि शिष्यांना दोष तरी कसा द्यावा? त्यांनी पुढे जे केले, त्याने मराठी चित्रपटाचे नाव देशभर झाले.

लवकरच बोलपट आले. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूराव आपल्या चित्रांकडे व शिल्पांकडे परतले. काही काळाने कोल्हापुरात ‘शालिनी सिनेटोन’ ही संस्था निघाली, तेव्हा त्यांना पुन्हा चित्रपट काढण्याची संधी मिळाली. येथे त्यांनी काय करावे? १९३६ मध्ये त्यांनी पुन्हा ‘सावकारी पाश’ काढला, या वेळी बोलपट म्हणून. ज्या चित्रपटाने गल्ला भरला नव्हता, त्याच्याकडे अकरा वर्षांनी परत जाणारा हा माणूस व्यवहारी नव्हता, हे खरे. पण शेतकऱ्याला आता वाचा फुटली होती. पडद्यावरील मजकूर वाचता न येणाऱ्या माणसालाही त्याचे म्हणणे ऐकता येणार होते.

खरी माणसे आणि खरी दुःखे पडद्यावर आणण्याचा धडा शांताराम यांनी मात्र कायमचा गिरविला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले. तेथे युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ही सत्यकथा शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटात सांगितली आणि डॉक्टरांची भूमिका स्वतः केली. एकवीस वर्षांपूर्वी शेतकरी झालेला तरुण आता स्वतः दिग्दर्शक होता. त्याच सुमारास त्यांनी आपल्या वृद्ध होत चाललेल्या गुरूंना ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठी बोलाविले. तो १९४७ मध्ये प्रकाशित झाला. तुटलेला धागा असा पुन्हा जुळला.

उत्तरायुष्यात बाबूरावांचे हात मातीत व धातूत अधिक रमले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील शिवछत्रपतींचा पुतळा त्यांच्याच हातचा, १९४५ मधील. तेथून रोज जाणाऱ्या असंख्य लोकांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

१९५३ मध्ये बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ हा हिंदी चित्रपट आला. एक शेतकरी, त्याचे कर्ज, खोटा कागद, जाऊ घातलेली जमीन आणि शहराची वाट! गिरणीऐवजी यात शेतकरी कलकत्त्याला जाऊन माणसे ओढण्याची रिक्षा चालवितो. या चित्रपटाला पुढे फ्रान्समधील कान येथील महोत्सवातही गौरव लाभला. अठ्ठावीस वर्षांत प्रेक्षक बदलला होता. जे दुःख त्याला १९२५ मध्ये पाहवले नव्हते, ते तो आता डोळे पुसत पाहू लागला होता.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे बाबूरावांचे निधन झाले.

त्या काळच्या चित्रफिती अतिशय ज्वालाग्राही पदार्थाच्या असत. काही जळाल्या, काही दमट हवेत चिकटून गेल्या, काही अडगळीत नाहीशा झाल्या. आपल्या देशातील शेकडो मूकपटांपैकी फार थोडे आज शिल्लक आहेत. १९२५ चा ‘सावकारी पाश’ त्यांत नाही. ज्यांनी तो पाहिला, त्यांनी जे सांगितले व लिहून ठेवले, त्यावरूनच आपल्याला ती काळोखी झोपडी आणि ते रडणारे कुत्रे ठाऊक आहे.